आयकत नाय

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, खारघर, कुठून कुठून पालक माझ्याकडे मुलं घेऊन येतात. त्यातले निम्मे मुलाला दोन्ही खांद्यांना धरून पुढे करतात आणि सांगतात, "मॅडम, गॉड गिफ्ट आहे." मी म्हणते, देवानेच दिलंय तर पुढचंही त्यालाच शिकवायला सांगा, मला कशाला तसदी. काही जण हसतात, काही पुन्हा फिरकत नाहीत. मला साठी उलटून गेली. गोड बोलायला शिकायचं वय निघून गेलं, आणि त्याचं मला काही वाईटही वाटत नाही.

खरी देणगी घेऊन आलेलं पोर मला एकदाच भेटलं. तिच्याशी मी जे केलं ते आठवलं की लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणूनच लिहायला बसले आहे. त्या मुलीने अकराव्या वर्षी एक बंदिश बांधली. बंदिश म्हणजे ख्यालात आपण जे दोन-चार ओळींचं बांधीव गाणं गातो ते. ही बंदिश कुणाची म्हणायची, एवढाच प्रश्न होता. उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते चारचौघांत बोलायला मात्र मी चार महिने लावले.

माझा क्लास जुन्या पनवेलात, पहिल्या मजल्यावर. खाली मसाल्याची गिरणी आहे. मार्च ते मे पनवेल-उरणची अर्धी गावं तिथे मिरच्या घेऊन येतात आणि वर माझी मुलं 'सा' लावता लावता खोकतात. लोक विचारतात, जागा का बदलत नाही? का म्हणून बदलू? गिरणी माझ्यानंतर आली.

ती आली तीही मिरच्यांबरोबरच. तिचा आजा रोडपालीहून रिक्षाने मिरच्यांची गोणी घेऊन आला होता. खाली नंबर लागायला वेळ होता म्हणून ही जिना चढून वर आली आणि दारात उभी राहिली. दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हातात अर्धी खाल्लेली चिक्की. मी पेटीवर होते, समोर पाच मुली आरोह घोटत होत्या. आरोह संपल्यावर ती म्हणाली, "बाई, खालचा मशीन तुमच्या पेटीच्या जरासा खाली वाजतोय."

मी म्हटलं, "काय?"

"मशीन. तुमची पेटी वर हाय, तो थोरा खाली हाय. म्हनून कानाला कसंतरी होतं."

अकरा वर्षं त्या मोटरच्या घुमण्याने माझं डोकं उठायचं. मला वाटायचं, आवाजाचा त्रास होतो. मी पंचम दाबून धरला आणि कान दिला. खालची मोटर माझ्या पंचमाला चिकटूनच, पण केसभर उतरलेली घुमत होती. अकरा वर्षं रोज ऐकून मला जे कळलं नव्हतं ते हिने चिक्की खाता खाता सांगितलं. मला राग आला. हो, आधी रागच आला, कौतुक नंतर. मग मी तिला आत बोलावलं आणि तिच्या आज्याला खाली निरोप पाठवला की मिरच्या कांडून झाल्या तरी जाऊ नका.

अशी ती माझ्याकडे शिकू लागली. आठवड्यातून दोन दिवस यायची. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही, पण सांगितलेलं तसंच्या तसं मात्र कधी यायचं नाही. मी एक तान द्यायची, ती तिला शेपूट लावून परत द्यायची. मी म्हणायची, "दिलंय तेवढंच गा." ती मान डोलवायची आणि पुन्हा शेपूट लावायची. वर्गात माझी एक सवय आहे. स्वरलिपी सांगून झाली की मी मुलांना म्हणते, "लिहिलंत? आता वाचून दाखवा." मुलं लिहितात एक आणि ऐकतात दुसरंच, म्हणून. ही वाचून दाखवायची तेव्हा माझीच चूक निघायची.

सहा महिन्यांनी मी जाहीर केलं की पुढच्या आठवड्यापासून बंदिश शिकवणार. ती एकदम उजळली. "माजा आजा पन बांदायचा!"

"काय बांधायचा?"

"बांदिस्ती."

मुली फिदीफिदी हसल्या. मीही हसले, वर दटावलं, "बांदिस्ती नव्हे, बंदिश. श. शहामृगातला." खाडीच्या कडेला खारं पाणी अडवायला जो मातीचा लांब बांध घालतात त्याला या गावांतून बंदिस्ती म्हणतात, एवढं पनवेलची असून मला ऐकून माहीत होतं. पाहिलेली नव्हती.

पुढच्या खेपेला आजाच वर आला. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, चपला जिन्यातच काढलेल्या. दारातूनच म्हणाला, "बाय, पोर बोलते तुमी बांदिस्ती शिकवता. मी बोललो, आता कोन शिकतो? जमीन तर रायली नाय."

त्याचा चेहरा इतका खूश होता की मला त्याची समजूत काढायला जड गेलं. शेवटी सांगितलं, आजोबा, ही गाण्याची बंदिश. तो म्हणाला, "पन बांदतातच ना?" मी म्हटलं, हो, बांधतातच. मग त्याने बैठक मारली आणि अर्धा तास माझ्या मुलींना बांध कसा घालतात ते सांगितलं. ओल्या मातीचे गोळे कापायचे, थरावर थर द्यायचे, ओहोटीला आतलं पाणी सोडायला उघाडी ठेवायची. मुली वह्या मिटून ऐकत होत्या. मी घड्याळाकडे बघत होते.

"येकदा खांड परली," तो सांगत होता. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. "अवसेची भरती. भर दुपारचं ऊन. आमी जेवायला बसलेलो. सगला गाव धावला. मी खांडीत उबा रायलो, आंगानं पानी अडवलं, नं मागनं लोकं पेंडा नं चिखल टाकत रायली. पानी आयकत नाय. मी पन आयकलं नाय."

"मग?"

"मंग काय. बांद रायला." आणि त्याच दमात म्हणाला, "पुडं नवं शेर आयलं. मोजनीवाला आयला. बांद कुनी बांदला, इचारलंच नाय. कागदावर लिवलं, 'बांध, जुना'. आता जुना म्हंजे काय? आमी बांदलेला!"

त्या बांधावरून आज सेक्टरचा डांबरी रस्ता जातो. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं, एवढंच तो सांगत होता. मी "हं" म्हटलं आणि मुलींना वह्या उघडायला लावल्या.

वर्षभराने, एका शनिवारी, ती वही घेऊन आली. पानावर तिने सोळा मात्रांचे सोळा खुंट काढले होते आणि खाली एक नागमोडी रेघ, पाण्याची. वर शब्द:

पानी आयकत नाय, आजा आयकत नाय।
दर्या बोले माजी जागा, आजा बोले माजी जागा,
दोगंबी आयकत नाय॥

"गा," मी म्हटलं.

तिने गायली. राग वृंदावनी सारंग, तीनताल. मी पेटीवरचा हात काढून घेतला. पन्नासेक वर्षं मी गाणं ऐकते आहे, शिकवते आहे, पण मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, असा अंगावर चालून आलेला फार कमी वेळा अनुभवला. ती ओळ खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उठायची, 'आयकत'वर एक पाऊल मागे सरायची आणि 'नाय'ला समेवर येऊन आदळायची. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाणारा आणि वाजवणारा जिथे येऊन भेटतात ती जागा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी लगेच चुका काढायला घेतल्या.

"पाण्याची बंदिश आहे तर मल्हारात बांधायची. सारंग कशाला?"

"पाऊस कुटं हाय त्यात? दुपारची भरती हाय. दुपारचा राग सारंग, तुमीच सांगितलं."

मी सांगितलं होतं खरं. "बरं. पण सम कोमल निषादावर का? ऐकणारा अधांतरी राहतो. रिषभावर आण, म्हणजे टेकेल."

"पानीच खाली बसलं नाय, बाई. मी कशी बसू?"

वाद हरायला लागला की शिक्षक जे करतो ते मी केलं, लाल पेन काढलं. निषाद खोडून रिषभ लिहिला. आणि शब्दांवर आले. ख्यालाची भाषा ब्रज, असं माझ्या गुरूंनी मला सांगितलेलं. 'नाय' ब्रजमध्येही चालतो, तो ठेवला. 'आयकत'चं मी 'अटकत' केलं. 'माजी'चं 'मोरी'. 'दोगंबी'चं 'दोऊ'. पानी अटकत नाय. दोन अक्षरांचा फरक, आणि रोडपालीचं पाणी थेट यमुनेला जाऊन मिळालं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिने वही परत घेतली, लाल रेघा पाहिल्या आणि म्हणाली, "अटकत म्हंजे?"

"अडत नाही. थांबत नाही."

"पन आमचं पानी अडतं, बाई. आजानं अडवलं ना. ते आयकत नाय."

मी म्हटलं, "फार बोलतेस."

मग जानेवारीत स्पर्धा आली. पनवेलातच, एका मंडळाची, दर वर्षीची. बालगटात पहिला आला की पुण्याच्या एका संमेलनात पंधरा मिनिटं गायला मिळतं, आणि तिथे ज्याला ऐकलं जातं त्याला मोठे गुरू मिळतात. माझ्याकडचं तिला देऊन संपत आलं होतं, हे मला दिसत होतं. मला ती संमेलनात हवी होती. फॉर्मवर नियम छापलेला होता: बालगटाने पारंपरिक बंदिशच गावी, स्वरचित चालणार नाही. मी तिला सारंगातली एक जुनी बंदिश दिली. ती म्हणाली, "मला माजीच गायची हाय."

"नियम आहे."

"मंग मी नाय येत."

चार दिवस हे चाललं. शेवटी मी तोडगा काढला. तिचीच बंदिश, पण माझे शब्द. फॉर्मवर बंदिशीपुढे मी सुवाच्य अक्षरात सगळे बोल लिहिले, 'पानी अटकत नाय' पासून, आणि रचनाकाराच्या रकान्यात लिहिलं, 'पारंपरिक'. लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. तिला म्हटलं, सम तुझी ठेव, शब्द माझे घे. तिने मान डोलवली. तिचं मान डोलवणं म्हणजे होकार नसतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

तिचा नंबर लागला तेव्हा बारा वाजून गेले होते, सारंगाची वेळ. मी पेटीवर साथीला. आजा शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. तिने मुखडा उचलला, "पानी आयकत नाय."

आयकत. मी पेटीवरून तिच्याकडे डोळे वटारले. ती समोर बघत होती. अंतऱ्यालाही माजीच, दोगंबीच. आता काय होणार म्हणून मी चोरून समोर पाहिलं. पण परीक्षक पहिल्या रांगेत डोळे मिटून मान हलवत होते आणि मधूनच हातातला माझा कागद बघत होते. मोठे जाणते गायक, पांढरे केस, शाल. त्यांना कागदावरचंच ऐकू येत होतं. गाण्यातले शब्द आम्ही गाणारी माणसं तशीही ऐकत नाही, सूर ऐकतो.

गाणी संपल्यावर ते माइकवर आले. एकेकाबद्दल बोलले आणि शेवटी हिच्याबद्दल. पहिला नंबर हिचाच, असं त्यांनी निकाल वाचण्याआधीच सांगून टाकलं. टाळ्या झाल्या. आणि मग ते बंदिशीबद्दल बोलायला लागले.

"ही बंदिश हल्ली ऐकायला मिळत नाही. मी लहानपणी माझ्या गुरूंच्या घरी ऐकली होती. आज इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकली."

चार महिन्यांपूर्वीची बंदिश! मी पेटीमागे मान खाली घातली.

"बोल किती सुंदर आहेत बघा," ते म्हणाले. "यमुनेला पूर आलाय, पाणी अटकत नाही, आणि नायिका व्याकूळ होऊन प्रियकराला बोलावते आहे. आ जा!" आणि त्यांनी हात लांब करून पुन्हा म्हटलं, "आ जा!"

शेवटच्या रांगेत आजा उठून उभा राहिला.

त्याला वाटलं, आपल्याला बोलावलंय. मराठीत घ्या की हिंदीत, दोन्ही अर्थांनी त्यालाच हाक होती. तो टोपी नीट करत, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत पुढे यायला लागला. परीक्षकांचा हात तसाच लांब. आजा मंचापाशी येऊन हात जोडून उभा राहिला. सभागृहात कुणाला काही कळेना.

"हे कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"हाच आजा," ती म्हणाली. माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "गान्यातला. आ जा नाय, आजा. नं अटकत नाय, आयकत. पानी ऐकत नाही, आजा ऐकत नाही. मी बांदली."

आधी हशा पिकला. मग कुजबुज. परीक्षकांनी कागद पाहिला, तिला पाहिलं, मग मला. मंडळाचे कार्यवाह लगबगीने मंचावर आले. सज्जन गृहस्थ, दर वर्षी माझ्या मुलांना खाऊ देणारे. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, मुलगी लहान आहे, गोंधळली. तुम्ही एवढंच सांगा की बंदिश जुनी आहे, शब्द अटकतच आहे. निकाल आहे तसा राहील. तिच्याच भल्याचं सांगतोय."

खरं होतं, भल्याचंच होतं. एक वाक्य बोलले असते तर ती पुण्याला गेली असती. मला आधी तिचाच राग आला. इतकी मेहनत, आणि ऐन वेळी या पोरीची जीभ! मी उठले. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. मी काय बोलते त्याची नुसती वाट बघत होती. खाली आजा हात जोडून तसाच उभा होता, आपण पुढे येऊन काही चुकलो की काय अशा चेहऱ्याने. आणि मला एकदम तो मोजणीवाला आठवला. बांध, जुना. त्याने निदान बांध घालताना पाहिलेलं नव्हतं. मी तर ही बंदिश डोळ्यांसमोर उभी राहताना पाहिली होती, आणि तरी लिहिलं होतं पारंपरिक.

मी माइक घेतला. "फॉर्मवर मी खोटं लिहिलं," मी म्हटलं. "बंदिश जुनी नाही, या मुलीची आहे. तिचे शब्द मी बदलले होते. ते तिने आज दुरुस्त केले."

परीक्षकांचा चेहरा लाल झाला. लहानपणी ऐकल्याचं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. "अकरा वर्षांच्या मुलीने ही रचना केली? बाई, मी काय आज गाणं ऐकतोय? ही तुमची रचना आहे. गावठी बोल घालून मुलीच्या नावावर खपवताय."

गावठी! माझा पारा चढला. "माझी असती तर इतकी चांगली झाली नसती," मी म्हटलं, आणि पेटीपाशी ठेवलेल्या तिच्या पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. "ही काळी अक्षरं तिची, लाल माझी. सम कोमल निषादावर आहे ती तिची. मी ती खोडून रिषभावर आणत होते. माझं चुकलं होतं, हे मला आज तुमची मान हलताना कळलं. आणि गावठी म्हणाल तर ब्रजही कुठल्या तरी गावचीच भाषा आहे."

त्यांनी वही बराच वेळ पाहिली. मग तिला विचारलं, "निषादावर सम का?"

"पानी बसलं नाय," ती म्हणाली.

ते वहीकडेच बघत राहिले. कार्यवाह नियम वाचू लागले. स्वरचित, त्यात चुकीची माहिती, सबब स्पर्धक बाद, आणि माझ्या क्लासला दोन वर्षं प्रवेश नाही. मला म्हणाले, "बाई, नाइलाज आहे." मी म्हटलं, "तुमचा असेल, माझा नाही." परीक्षकांच्या टेबलावरचा फॉर्म मी उचलला, 'पारंपरिक' खोडलं आणि वर तिचं पूर्ण नाव लिहिलं. अटकत खोडलं, आयकत लिहिलं. फॉर्म परत टेबलावर ठेवला. बाद तर बाद, पण बाद झालेल्या कागदावर तरी खरं असू दे.

बाहेर आल्यावर आज्याने विचारलं, "बाय, मी मदीच आलो म्हनून गरबर झाली काय?"

"नाही. तुम्ही आलात म्हणून निस्तरली."

"नं कागदावर काय लिवलंस?" तो मला पहिल्यांदाच एकेरीत बोलला.

"तिचं नाव."

त्याने मान हलवली आणि रिक्षा शोधायला गेला. ती माझ्या शेजारी उभी होती. मी तिला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "माज्या वहीतला रिषभ पन खोडा." रस्त्याच्या कडेला उभं राहून मी माझाच लाल रिषभ खोडला.

पुण्याचं संमेलन तिच्याविना झालं. तिथे गायलेल्या मुलाला चांगले गुरू मिळाले, असं कानावर आलं. मला वाईट वाटलं का? वाटलं, खूप वाटलं. रात्ररात्र नाही जागले, पण भाजी निवडताना, पेटी पुसताना मध्येच आठवायचं. माझ्या ओळखीतले लोक समजावायला आले की अहो, दोन अक्षरांसाठी मुलीचं नुकसान केलंत. त्यांना मी चहा दिला आणि जिना दाखवला. पोरगी नेहमीसारखी मंगळवार-शनिवार येत राहिली. वर्गातल्या बाकीच्या मुली आता तिची बंदिश गातात. नवीन पनवेलच्या सोसायट्यांतल्या, घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुली, 'आयकत नाय' अगदी ठसक्यात म्हणतात.

एप्रिलमध्ये, खाली मिरच्या कांडणं जोरात असताना, फोन आला. तेच परीक्षक. आवाज जरा अवघडलेला. म्हणाले, "बाई, त्या मुलीची बंदिश डोक्यातून जात नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवावी म्हणतो. फक्त एक विचारायचं होतं. माझ्याकडे बाहेरच्या राज्यांतली मुलं आहेत. 'अटकत' म्हटलं तर चालेल ना?"

पूर्वी असते तर मीच हो म्हणून मोकळी झाले असते. मी म्हटलं, "ज्यांनी बांधली त्या इथेच आहेत. त्यांनाच विचारा." आणि फोन तिच्या हातात दिला.

तिने ऐकून घेतलं. "नाय," ती म्हणाली.

तिकडून बरंच बोलणं झालं असावं. ती तानपुऱ्याच्या खुंटीवर बोट फिरवत ऐकत होती.

"नाय. आयकत," ती म्हणाली. "शिकवा ना. पन आयकतच शिकवा. नं वर माजं नाव लिवा. पेन हाय? लिवा."

मग तिने आपलं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मग आज्याचं, मग आडनाव, मग गाव, रोडपाली. मध्ये दोनदा थांबली, तिकडचा हात पोचेपर्यंत. खालून मिरचीचा खाट चढला होता, माझ्या मुली ओढण्या-रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या. तिने खोकला दाबला आणि फोन दुसऱ्या कानाला धरला.

"लिवलं?" ती म्हणाली. "आता वाचून दाखवा."